जीआय, युनेस्को आणि आपली परंपरा: गोव्यातल्या गटांनी कोणता अर्ज कुठे आणि कोणत्या क्रमाने करावा

गोव्यातल्या एखाद्या पदार्थाला जीआय (भौगोलिक निर्देशन, म्हणजे जागेच्या नावाशी जोडलेली वस्तूची नोंद) मिळाल्याची बातमी छापून आली की पंधरवड्यात कुठल्या तरी गावात बैठक बसते आणि ठराव होतो: आपल्याही वस्तूला युनेस्कोचा जीआय मिळवायचा. या एका वाक्यात दोन चुका आहेत. युनेस्को जीआय देत नाही. आणि जीआय हा पुरस्कार नव्हे. तो उत्पादकांनी एकत्र येऊन, पुरावा देऊन नोंदवायचा हक्क आहे.

तिसरी चूक क्रमाची, आणि तीच सगळ्यात महाग पडते. परदेशातल्या नकलेविरुद्ध तक्रार आधी लिहिली जाते, गावातल्या उत्पादकांची यादी शेवटी. ट्रिप्स कराराचे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या कराराचे, कलम २४(९) म्हणते की जे नाव मूळ देशातच संरक्षित नाही, त्याला संरक्षण देण्याचे बंधन इतर देशांवर नाही. म्हणून ब्रुसेल्स, जिनिव्हा सगळे नंतर. त्याआधी चेन्नई, म्हणजे जीआय नोंदणीचे कार्यालय, आणि चेन्नईच्याही आधी आपल्या वाड्यावरची कामे.

समजायला सोपे जावे म्हणून पुढे एकच उदाहरण धरले आहे: डोंगराळ तालुक्यातल्या एका गावाला आपल्या सोलांसाठी (भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींसाठी) अर्ज करायचा आहे. गाव कल्पित आहे, पद्धत खरी.

टप्पा १: नुकसान कशाने होते ते एका वाक्यात लिहा

करारांची नावे बाजूला ठेवा. आधी कागदावर लिहा: दुसऱ्याने नेमके काय केले म्हणजे आपले नुकसान होते? त्या उत्तरावरून दार ठरते.

“दुसरीकडचा माल आमच्या गावाच्या नावाने विकतात.” हे नावाचे भांडण आहे. इथे १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेला ट्रिप्स करार आणि त्याला धरून केलेला आपला १९९९ चा भौगोलिक निर्देशन कायदा लागतो. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. कार्यालय चेन्नईला, गिंडीत. सोलां, मिरची, खाजे, फेणी, विणकाम, मातीची भांडी या सगळ्यांचे दार हेच.

“आमच्या फुगडीचे रेकॉर्डिंग करून कोणीतरी पैसे कमावतो.” हे कॉपीराइट आणि कलाकाराच्या हक्काचे प्रकरण. १९५७ चा कॉपीराइट कायदा, बाहेरच्या देशांसाठी बर्न करार (कॉपीराइटचा) आणि डब्ल्यूपीपीटी (सादरकर्ते व ध्वनिमुद्रणांचा करार). जीआयचा इथे काही उपयोग नाही, कारण जीआय फक्त वस्तूंना मिळतो, नाचाला किंवा गाण्याला नाही.

“आमचे बी किंवा झाडपाल्याची माहिती नेऊन कोणी पेटंट घेईल.” इथे नागोया प्रोटोकॉल (जैविक संपत्तीचा वापर आणि त्याच्या लाभाची वाटणी यांचा आंतरराष्ट्रीय करार) आणि २००२ चा जैवविविधता कायदा. पहिली पायरी पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. परदेशी कंपनी किंवा संशोधक असेल तर त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. हे कार्यालयही चेन्नईलाच असल्याने दोन्हींचे पत्ते एकमेकांत मिसळतात. पाकिटावर नाव नीट लिहा. मे २०२४ मध्ये जिनिव्हात मंजूर झालेला नवा करारही याच दाराचा आहे. जैविक संपत्तीवर आधारलेले पेटंट मागणाऱ्याने ती कुठून घेतली हे उघड करावे, असे तो सांगतो. तो अमलात येण्यासाठी १५ पक्षांची मान्यता लागते.

“नव्या पिढीला हे येतच नाही.” हे चोरीचे नव्हे, विसरण्याचे नुकसान. त्यासाठी युनेस्कोचा २००३ चा अमूर्त वारशाचा करार. भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. त्यातून मालकी मिळत नाही: कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की बौद्धिक संपदेच्या इतर करारांतले हक्क-कर्तव्य या कराराने बदलत नाहीत.

“गटाकडे पैसे नाहीत, बाजारापर्यंत पोचता येत नाही.” युनेस्कोचा २००५ चा सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेचा करार, भारत त्यात डिसेंबर २००६ पासून आहे. हा मुख्यतः सरकारांनी धोरण आणि निधी कसा द्यावा याचा करार आहे. नकलेविरुद्ध तो तुमच्या हाती काही देत नाही.

तपासा: उत्तरे दोन निघाली तर अर्जही दोन होतात. सोलांच्या गावाला नाव राखायचे असेल आणि भिरंडीच्या एखाद्या जुन्या झाडाची जातही राखायची असेल, तर जीआयच्या अर्जात झाडाच्या जातीचा मुद्दा कोंबू नका.

टप्पा २: आधीची नोंद आणि शेजारचे नाव

भौगोलिक निर्देशन नोंदणीच्या संकेतस्थळावर सगळे अर्ज आणि जर्नलचे अंक फुकट पाहता येतात. वस्तूच्या नावाने शोधा, मग गाव, तालुका, राज्य या नावांनी, आणि शेवटी शेजारच्या जिल्ह्यांच्या नावांनी.

शेवटचा शोध बहुतेक जण टाळतात आणि तिथेच अडकतात. आपल्या उदाहरणात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकमाची नोंद आधीपासून आहे. तेरेखोल नदीच्या पलीकडे आणि अलीकडे झाड एकच, फळ एकच. म्हणजे “कोकणातील उत्कृष्ट कोकम” एवढ्यावर तुमचा अर्ज उभा राहणार नाही. फळात, वाळवण्याच्या रीतीत किंवा चवीत काय वेगळे आहे ते दाखवावे लागेल, आणि ते नावातही दिसावे लागेल. काजूचेही तसेच: वेंगुर्ल्याच्या काजूची नोंद वेगळी, गोव्याच्या काजूची वेगळी.

ट्रेडमार्कचे रजिस्टरही पाहा. कोणा व्यापाऱ्याने तेच नाव प्रामाणिकपणे, आधीपासून ट्रेडमार्क म्हणून वापरले असेल तर भौगोलिक निर्देशन कायद्याचे कलम २६ त्याला संरक्षण देते. तो नंतर हटवता येईल या भरवशावर अर्ज करू नका.

नाव ठरवताना लिपी आणि उच्चार यांचा गोंधळ गोव्यात सगळ्यात जास्त. हरमल की आरंबोल, आगशी की अगासाईम? कोंकणीत एक, मराठीत दुसरे, रोमीत पोर्तुगीज धाटणीचे तिसरे. लोक बाजारात जे म्हणतात ते मुख्य नाव घ्या आणि बाकीची रूपे निवेदनात लिहून टाका. पाकिटावर एक आणि प्रमाणपत्रात दुसरे असे झाले की पहिल्याच वादात समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

तपासा: नाव इतके सर्रास झाले आहे का की लोक ते कुठल्याही गावच्या मालाला वापरतात? तसे असेल तर नुसते “सोलां” नोंदवता येणार नाही; गावाचे किंवा प्रदेशाचे नाव त्याला जोडावेच लागेल.

टप्पा ३: अर्जदार कोण

त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अर्ज उत्पादकांची संघटना किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था वा प्राधिकरण करू शकते, आणि अट एकच: ती उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी हवी. एकटा कारखानदार, एकटा सरपंच किंवा एखादी खासगी कंपनी स्वतःच्या नावाने करू शकत नाही.

गोव्यात सोसायटी नोंदणी कायद्याखाली संघटना करायला किमान सात सभासद लागतात. कायद्याला सात चालतात; चेन्नईला सात जणांची संघटना एका घराण्याची वाटते. गावातल्या जवळजवळ सगळ्या घरांनी सही केली पाहिजे. सोलां बहुतेक ठिकाणी बायका करतात, पण सभासदांच्या यादीत नवऱ्यांची नावे येतात. तपासणीत “तुम्ही स्वतः करता का?” असे विचारले की यादी कोसळते. जी करते तिचेच नाव लिहा.

उद्देशपत्रात तीन गोष्टी असू द्या: या वस्तूच्या उत्पादकांचे हित, दर्जाची तपासणी, आणि प्रदेशातल्या कोणाही पात्र उत्पादकाला सभासदत्व. तिसरी नसेल तर पुढे विरोध आल्यावर “हा मूठभरांचा गट आहे” हे म्हणणे खोडता येत नाही.

अर्जासोबत ही संघटना उत्पादकांचे प्रतिनिधित्व कशी करते याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. ठरावाची प्रत, सह्यांची यादी आणि बैठकीचे इतिवृत्त एकाच तारखेचे असू द्या. गोव्यात विज्ञान-तंत्रज्ञान खात्यामार्फत अशा अर्जांना मदत मिळत आली आहे. संघटना नोंदवून झाली की तिथे जा, त्याआधी नको.

टप्पा ४: वस्तूचे वर्णन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे कागद कोणीही वकील करून देईल. हा कागद फक्त करणाऱ्यांनाच लिहिता येतो.

बहुतेक मसुदे असे सुरू होतात: “आमच्या गावची सोलां अत्यंत रुचकर, औषधी व सुप्रसिद्ध आहेत.” यातला एकही शब्द मोजता येत नाही. हेच असे लिहा:

“भिरंड झाडावर पूर्ण पिकून गडद लाल-जांभळी झाल्यावरच काढतात. त्याच दिवशी फोडून बिया व गर वेगळे करतात. साल कडक उन्हात पसरतात. फळाचाच रस मीठ घालून वेगळा ठेवतात. दिवसाच्या शेवटी अर्धवट वाळलेली साल त्यात बुडवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालतात. ही पुटे ठरलेल्या संख्येने देतात. तयार सोल वाकवले तर मोडत नाही, मुठीत दाबून सोडले तर सुटे होते, आणि बोटाला रंग लागतो.”

शेवटचे वाक्य कारागिराचे आहे. प्रयोगशाळेच्या आकड्याइतकेच ते महत्त्वाचे, कारण बाजारात तपासणी करणारा माणूस तेच करून पाहतो.

आता आकडे. ते तोंडी विचारू नका, मोजा. वेगवेगळ्या वाड्यांवरची किमान पाच घरे घ्या. प्रत्येक घरात तीन वेळा, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला, मध्याला आणि शेवटी, पुढचे वजन-माप नोंदवा: किलोभर सालीला रस किती, मीठ किती ग्रॅम, पुटे किती, वाळायला दिवस किती, शेवटी वजन किती उरले. पंधरा नोंदी होतील. त्यातली सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अशी कक्षा लिहा, एकच आकडा लिहू नका.

उत्तम घराचा आकडा सगळ्या गावाचा म्हणून घालण्याची हौस टाळा. सहा पुटे देणाऱ्या एका घराच्या जोरावर “किमान सहा” असे लिहिले आणि बाकीची घरे चारच देत असतील, तर नोंदणी झाल्यावर तीच घरे आपल्याच गावात बेकायदा ठरतात. उलट, कक्षा इतकी सैल ठेवली की पलीकडच्या तालुक्याचा मालही तीत बसतो, तर वेगळेपणाच उरत नाही. गावाने बसून ठरवायचा प्रश्न हाच आहे आणि त्याला वेळ लागतो. तो लागू द्या.

मीठ कुठले हेही विचार करून लिहा. “मिठागराचेच मीठ” असे लिहिले तर छान वाटते, पण मग दुकानातले मीठ वापरणारे प्रत्येक घर नियमाबाहेर. मिठागरे कमी होत चालली आहेत हे ध्यानात ठेवून हात घाला.

मग येते ती मातीशी आणि हवेशी जोडणारी कडी. या वस्तूचा गुण किंवा लौकिक त्या जागेमुळेच आहे, हे कारणासह दाखवावे लागते. “आमच्या मातीत लोह जास्त” असे लिहिले तर माती-तपासणीचा अहवाल जोडा, नाहीतर ते वाक्य काढा. सोलांच्या बाबतीत सांगता येण्यासारखे असे: झाडे कुळागरात (बागायतीत) पोफळी-माडांच्या सावलीत आहेत की उघड्यावर, फळ कोणत्या आठवड्यात पिकते, आणि पाऊस सुरू होण्याआधी वाळवायला कडक उन्हाचे किती दिवस मिळतात. हाच तो दुवा: मे महिन्याचे ऊन आणि मृगाआधीची घाई यातून ही रीत जन्मली. झाडाच्या जातीविषयी तांत्रिक माहिती हवी तर जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे विचारणा करता येते.

इशारा: वर्ग चुकवू नका. वस्तूंचे वर्ग आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणाप्रमाणे असतात. वाळलेले फळ २९ मध्ये, ताजे ३१ मध्ये, बिनदारूचे सरबत ३२ मध्ये. मिरचीचेही असेच: ताजी ३१, मसाला म्हणून विकलेली वाळकी वा भुकटी ३०. फेणी ३३. फक्त २९ मध्ये सोलां नोंदवली आणि दोन वर्षांनी तेच नाव लावून सरबताच्या बाटल्या काढल्या, तर बाटल्यांना संरक्षण नाही. एका अर्जात अनेक वर्ग चालतात, शुल्क मात्र वर्गागणिक भरावे लागते. पाय भेगाळल्यावर लावायचे भिरंडेल (भिरंडीच्या बियांचे तेल) विकायचा विचार असेल तर ते आणखी वेगळ्या वर्गात जाते. वर्ग सांगेल तो वकील, पण काय काय विकणार आहात हे त्याला तुम्हीच सांगायचे.

टप्पा ५: नकाशा आणि जुना पुरावा

प्रदेशाचा प्रमाणित नकाशा तीन प्रतींत लागतो. त्यावर प्रकाशक आणि प्रकाशनाची तारीख असावी. गुगलचा छापील नकाशा रंगीत पेनने गोल करून पाठवणारे अजून आहेत. भूमापन खात्याकडून घ्या, आणि सीमा ओढे-रस्ते-गावांच्या नावांनी मजकुरातही लिहा. नकाशा आणि मजकूर एकमेकांशी जुळतात का ते दोन जणांनी वेगवेगळे तपासावे.

जुनेपणाचा पुरावा गोव्यात भरपूर आहे, फक्त तो मराठीत नसतो. पणजीतल्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज काळातली कागदपत्रे आहेत. गांवकरी म्हणजे कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) वह्या, जमिनीचे करार, जत्रांच्या जमाखर्चाच्या नोंदी उपयोगी पडतात. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो आणि इतर भाषांतल्या कागदांना प्रमाणित भाषांतर लागते. पोर्तुगीज कागद सापडला म्हणून आनंदाने मूळ प्रत तशीच जोडली की हरकत येते.

वयस्कर करणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे घ्या. “पिढ्यान्पिढ्या” या शब्दाऐवजी “माझी सासू करीत असे, मी १९७० च्या दशकात तिच्याकडून शिकले” असे वाक्य घाला.

टप्पा ६: चेन्नईचा अर्ज आणि त्यातल्या मुदती

फॉर्म जीआय-१, तीन प्रतींत. सोबत निवेदन, दर्जाचे मापदंड, ते पाळले जातात हे पाहणारी तपासणी यंत्रणा, नकाशे, प्रतिज्ञापत्र, उत्पादकांची यादी. शुल्काचा ताजा तक्ता नोंदणीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. नियमांत दुरुस्त्या होऊन शुल्के बदलतात आणि जुने पीडीएफ गटागटांत फिरत राहतात.

पुढे काय होते:

१. प्राथमिक छाननीत त्रुटी कळवल्या तर त्या महिन्याभरात दुरुस्त करायच्या.

२. निबंधक जाणकारांची समिती बसवतात. तीत सातपर्यंत सदस्य असतात. अर्जदाराला मांडणी करावी लागते. इथे वकील बोलतो आणि करणारी बाई गप्प बसते, हे चित्र उलटे करा. तिच्यासोबत वाळवणाच्या तीन अवस्थांचे नमुने द्या.

३. तपासणी अहवालात हरकती आल्या तर उत्तराला दोन महिने.

४. मान्य झाला की अर्ज जीआय जर्नलमध्ये छापला जातो. त्यानंतर तीन महिन्यांत कोणीही विरोध करू शकतो. आणखी एक महिना वाढवून मिळू शकतो.

५. विरोध आला तर प्रतिनिवेदन दोन महिन्यांत. हे चुकले तर अर्ज सोडून दिला असे धरतात.

अर्ज बुडण्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे पत्र वेळेवर न वाचणे. अध्यक्ष बदलला, ईमेल त्याच्या मुलाच्या फोनवर, पासवर्ड कोणाकडे नाही. अर्जासाठी संघटनेच्या नावाचा वेगळा ईमेल करा, दोघांकडे ठेवा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक मुदत दहा दिवस आधीच्या तारखेला लिहा.

टप्पा ७: प्रमाणपत्रानंतर लगेच

प्रमाणपत्र संघटनेच्या नावाने येते. उत्पादकाला ते नाव लावण्याचा हक्क मात्र तो स्वतः “अधिकृत वापरकर्ता” झाल्यावरच मिळतो. बहुतेक गट इथे थांबतात: फोटो, सत्कार, फ्लेक्स, आणि वापरकर्त्यांची यादी रिकामी. फॉर्म जीआय-३ भरा. त्याची प्रत नोंदणीधारक संघटनेलाही द्यायची. २०२० च्या दुरुस्तीने या अर्जाचे शुल्क १० रुपयांवर आणले, त्यामुळे पैशाचे कारण देता येत नाही.

कायद्यात “उत्पादक” या शब्दात तो माल विकणारा व्यापारीही येतो, म्हणजे म्हापशाच्या बाजारातला विश्वासू दुकानदारही नोंद करू शकतो. तसे झाले तर भेसळीवर लक्ष ठेवायला आणखी दोन डोळे मिळतात.

नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरण करता येते. जीआय विकता, गहाण ठेवता किंवा परवान्याने भाड्याने देता येत नाही. कलम २४ ने ते बंद आहे. एखाद्या कंपनीने “तुमचा जीआय आम्हाला द्या, आम्ही मार्केटिंग करू” असे म्हटले तर तो करार कायद्याने उभा राहणार नाही.

खोटे नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. तक्रारीसाठी पाकिटाचा फोटो पुरत नाही. पाकीट विकत घ्या, बिल घ्या, सील न फोडता ठेवा.

टप्पा ८: परदेशात

भारत लिस्बन करारात (मूळस्थानाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद करणाऱ्या करारात) नाही आणि त्याच्या २०१५ च्या जिनिव्हा अधिनियमातही नाही. म्हणून एका अर्जात अनेक देश हा मार्ग आपल्याला बंद आहे. जिथे माल जातो त्या एकेका देशात वेगळा अर्ज. माल जातच नसेल तर खर्च करू नका.

फेणी आणि खाजे यांच्यातला फरक इथे नीट पाहा, कारण दोन्ही गोव्याची नोंदलेली नावे असूनही त्यांना बाहेर सारखे संरक्षण नाही. ट्रिप्सचे कलम २३ वाइन आणि मद्यांना जास्त मजबूत संरक्षण देते: बाटलीवर “पोर्तुगालमध्ये बनवलेली, फेणी-प्रकारची” असे खरे खरे लिहिले, तरी ते नाव लावता येत नाही. खाज्यांना फक्त कलम २२ लागू: “गोव्याच्या पद्धतीचे खाजे, अमुक शहरात बनवलेले” असे कोणी लिहिले तर ग्राहकाची दिशाभूल झाली हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. सोलांचेही खाज्यांसारखेच. नोंदीतली फेणी मात्र काजूची आहे. माडाची फेणी त्या नोंदीत येत नाही, हे निर्यातीच्या कागदांवर लक्षात ठेवा.

युरोपीय संघात खाद्यपदार्थ, वाइन आणि मद्ये यांची नोंद २०२४/११४३ या नियमाखाली होते. भारतातल्या नोंदणीचा पुरावा लागतोच. दार्जिलिंग चहा तिथे २०११ मध्ये नोंदला गेला. हस्तकलेसाठी युरोपने नवे दार उघडले आहे: २०२३/२४११ हा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू असून अर्ज युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयाकडे करायचा. आपल्या विणकर, कुंभार, लाकूडकाम करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचे. ब्रिटन आता संघाबाहेर असल्याने तिथला अर्ज स्वतंत्र. अमेरिकेत जीआयचे वेगळे रजिस्टर नाही. तिथे प्रमाणन चिन्ह म्हणून ट्रेडमार्क कार्यालयात नोंद करतात.

तपासा: तुमचे नाव तिथल्या भाषेत सर्वसाधारण शब्द होऊन बसले आहे का, किंवा कोणी आधीच ट्रेडमार्क घेतला आहे का? हे तपासल्याशिवाय फी भरू नका.

टप्पा ९: मांडावरची कला असेल तर

धालो, फुगडी, जागर, रणमाले, घुमटांची आरती. मांड म्हणजे गावात अशा कला सादर करण्याची ठरलेली जागा. इथे मालकी कोणाची हा प्रश्न विचारू नका. परंपरागत गाण्याला लेखक नसतो. सादर करणाऱ्याला मात्र हक्क आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ सादरीकरणानंतर ५० वर्षांपर्यंत तो देते, आणि भारत २५ डिसेंबर २०१८ पासून डब्ल्यूपीपीटीत असल्याने ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या करारातल्या इतर देशांतही त्याला आधार मिळतो. तियात्र (कोंकणी नाटक) वेगळे: त्याला लेखक असतो, त्याचा कॉपीराइट लेखकाचा. संहिता नोंदवायची असेल तर फॉर्म १४, शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून चालते.

रेकॉर्डिंगवाला सहीसाठी कागद पुढे करतो तेव्हा चार गोष्टी शोधा: कशासाठी, कुठे, किती काळ, किती पैसे. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. “सर्व माध्यमे, सर्व जग, कायमचे” असे छापलेले असेल तर ते खोडून समोर दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या घ्या. चित्रपटात वापरायला लेखी होकार दिला की निर्मात्याच्या वापराला नंतर आक्षेप घेता येत नाही, व्यावसायिक वापराच्या मानधनाचा हक्क तेवढा शिल्लक राहतो.

युनेस्कोच्या यादीसाठी नामांकन गाव करत नाही, देश करतो. संगीत नाटक अकादमीने या कामात देशाची मध्यवर्ती संस्था म्हणून काम पाहिले आहे. फाइल ३१ मार्चपर्यंत पॅरिसला पोचावी लागते, तीत वारसा आधीच एखाद्या सूचीत नोंदलेला असावा लागतो, आणि समाजाची स्वतंत्र, पूर्वसूचित संमती हवी. संमती पंचायतीच्या सचिवाची नव्हे, मांडावर खेळणाऱ्या बायकांची.

२००५ च्या कराराखालच्या निधीकडे प्रकल्प पाठवायचा असेल तर मर्यादा साधारण एक लाख डॉलरची आहे आणि छाननी आधी राष्ट्रीय पातळीवर होते. नुसता महोत्सव, कर्ज फेडणे किंवा मंडळाचा नेहमीचा खर्च यासाठी तो निधी नाही. अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये.

सगळ्यात शेवटी, कॅमेरा चालू होण्याआधी एक यादी करा. मांडावरचे काही विधी आणि ओव्या बाहेरच्यांसमोर म्हणायच्या नसतात. २००३ च्या कराराचे कलम १३ देखील वारशाच्या अशा भागांपर्यंत कोणी पोचावे याविषयीच्या रूढींचा मान राखायला सांगते. काय दाखवायचे, काय फक्त आवाज म्हणून द्यायचे आणि काय अजिबात नाही, हे वयाने मोठ्या बायकांकडून लिहून घ्या, खाली त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, आणि त्याची प्रत रेकॉर्डिंगच्या करारालाच टाचणीने जोडा.